निम्म्या मापाचा बुरूज

आमच्या मागच्या कुंपणापलीकडे बुरूज आहे हे घर घेताना कुणी सांगितलं नाही. म्हणजे कुणी लपवलं असंही नाही. घर बघायला आलो त्या दिवशी मी भिंतींच्या भेगा तपासत होतो आणि बायको स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघत होती. मागे बघायला वेळ कुणाला? राहायला आल्यावर पहिल्या सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात आलो, तर समोर काळ्या दगडांचा चौकोनी बुरूज उभा. वर दातेरी चऱ्या, भिंतीत बाण मारायच्या उभ्या अरुंद फटी, म्हणजे जंग्या, आणि दार कुठे, तर जमिनीपासून माझ्या डोक्याच्या उंचीला. खाली पायरी नाही, ओटा नाही, काही नाही. बाजूला कपडे वाळत घालायची फिरती दोरी आणि लिंबाचं झाड. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या एका साध्यासुध्या गल्लीत हा प्रकार बघून मला आधी हसूच आलं.

दोन-तीन दिवसांत हसू ओसरलं. दक्षिणेचा वारा सुटला, इथे त्याला सदर्ली म्हणतात, की त्या बुरुजातून आवाज यायचा. घोंगावणं नव्हे. लहान मुलाने तोंड मिटून गुणगुणावं तसा, एकाच सुरात, मध्येच थांबून पुन्हा. तोही भर दुपारी, लख्ख उन्हात. बायको उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. "मला नाही आवडत ते," एवढंच म्हणायची. मी तिला वाऱ्याचं आणि पोकळ नळीचं शास्त्र समजावून सांगितलं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, आणि समजावून सांगणं हा माझा जुना रोग आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि खिडकी लावलीच.

बुरूज बांधणारा माणूस ऐंशीच्या पुढचा. पोर्तुगालच्या उत्तरेतल्या कुठल्याशा खेड्यातून तरुणपणी इथे आलेला, पोर्ट केंब्लाला पोलादाच्या भट्ट्यांवर उभी हयात काढलेला. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात आम्ही त्यांना आजोबा म्हणायला लागलो, तोंडावर आपलं नेहमीचं 'मेट'. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, त्यांचं पोर्तुगीज वळणाचं आणि माझं सदाशिव पेठी. इथे ते सगळं मराठीत लिहितोय, कारण माझ्या डोक्यात ते मराठीतच राहिलंय.

ओळख झाली ती बायकोमुळे. हिला कुंपणावरून गप्पा मारायची भारी हौस. गप्पांत हिने सांगून टाकलं की माझा नवरा इमारतींची सर्टिफिकेटं देतो. झालं! दुसऱ्याच दिवशी आजोबा कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र घेऊन दारात हजर. परवानगी न घेता बांधकाम केलंय, सहा आठवड्यांत इंजिनिअरचा रिपोर्ट द्या, नाहीतर पाडा. मी मनात बायकोला चार शब्द सुनावले. शनिवारी दुपारी फुकटचं काम करायला कुणाला आवडतं? पण समोर ऐंशी वर्षांचा माणूस उभा असताना नाही कसं म्हणणार? येतो म्हटलं.

शनिवारी टेप आणि लेसर घेऊन गेलो. सोबत आमची पोरगी, तेव्हा सहा वर्षांची. मी घरी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, असा आमचा करार आहे. बुरुजाच्या दाराला ॲल्युमिनियमची शिडी लावलेली होती. जवळून बघितल्यावर मला कळलं की काहीतरी विचित्र आहे. दार, जंग्या, दारावरचा पुढे आलेला दगडी सज्जा, सगळं प्रमाणात होतं पण लहान होतं. बरोबर निम्मं. मी तिथे आडदांड वाटत होतो. पोरगी मात्र खूश. "डॅडी, इट्स माय साइझ!" असं ओरडून ती शिडीकडे पळाली आणि दोन पायऱ्या चढलीसुद्धा.

आजोबा केवढ्यांदा ओरडले! त्यांच्या भाषेत ओरडले, मला एक अक्षर कळलं नाही. धावत जाऊन त्यांनी तिचा दंड धरून तिला खाली ओढलं. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. माझं डोकं सणकन तापलं. माझ्या मुलीला हात लावायचा नाही, असं मी त्यांना सरळ तोंडावर सांगितलं, तिला कडेवर घेतलं आणि घरी आणून बायकोच्या ताब्यात दिलं. रिपोर्ट गेला उडत, तुमचा बुरूज पाडला तर पाडू देत, हे ऐकवायलाच परत गेलो.

आजोबा गवतावर बसले होते. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लहान मुलांना आत नाही सोडायचं. सॉरी. पण आत नाही." मग म्हणाले, "बस. तुला सांगतो." मी उभाच राहिलो, कारण रागावलेलो होतो. थोड्या वेळाने बसलो.

त्यांच्या गावात हाच बुरूज आहे, याच्या दुप्पट. कित्येक शे वर्षांपूर्वी तिथल्या एका सरदार घराण्याने बांधलेला. किल्ला नव्हे, तर घर. शेजारच्या सरदाराची भीती आणि त्याला दाखवायची ऐट, दोन्ही एकाच दगडात. तळमजल्याला दारच नाही. तिथे धान्य, पाणी, कधी एखादा कैदी, आणि उतरायचं ते वरच्या मजल्यातल्या झडपेतून. आत जायचं दार पहिल्या मजल्यावर, दोन पुरुष उंच. लाकडी शिडीने चढायचं आणि गडबड झाली की शिडी वर ओढून घ्यायची. दारावरच्या सज्ज्याच्या तळाला भोकं, खाली कुणी दार फोडायला आलं तर त्याच्या डोक्यावर वरून दगड आणि उकळतं पाणी. त्यावरच्या मजल्यावर खिडकीत समोरासमोर दोन दगडी बैठका, तिथे सरदाराच्या बायका उजेडात शिवत बसायच्या. भिंत एवढी जाड की तिच्या रुंदीत गाय आडवी उभी राहील. दगडांवर प्रत्येक पाथरवटाची वेगळी खूण. आजोबांनी त्या खुणासुद्धा आठवून आठवून कोरल्या होत्या.

"मग घराणं संपलं," ते म्हणाले. "कुणीतरी लांबचा वारस शहरात राहायचा. जमीन आम्ही कसायचो. बुरुजात माझे बाबा गवत साठवायचे."

सरदाराचा दिवाणखाना आणि त्यात गाईचं गवत. मला गंमत वाटली, पण तेवढ्यापुरतीच.

आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि त्यांच्या बहिणीला नुकतं पाचवं लागलेलं. उन्हाळ्याची दुपार, मोठी माणसं जेवून आडवी झालेली. ही दोघं पहिल्या मजल्यावर गवतात खेळत होती. कशावरून तरी भांडण झालं. ह्यांना राग आला, हे खाली उतरले, आणि बस आता बोंबलत म्हणून शिडी काढून बाहेरच्या गवतात टाकली. ओढ्यावर गेले, पाण्यात दगड मारले. तासाभराने राग शांत झाला. परत आले तर शिडी जिथे टाकली तिथेच पडलेली. लावली, वर चढले, हाका मारल्या. आत कुणी नव्हतं.

"दार दोन पुरुष उंच," आजोबा म्हणाले. "उडी मारली असती तर खाली पडलेली सापडली असती. सगळं गवत उपसलं. तळमजल्यात कंदील घेऊन उतरले. विहीर बघितली, ओढा बघितला, रान बघितलं. कुठेच नाही. आज सत्तरच्या वर वर्षं झाली."

आजोबांनी मुठीतलं गवत उपटून टाकलं. 

"मरायच्या आधी मला एवढंच कळायला हवंय," ते म्हणाले. "ती कुठे गेली."

तिकडे जाऊन काही उपयोग नव्हता. एकदा बायकोला घेऊन गेले होते. लाकडी मजले कधीच कुजून कोसळले होते. चार भिंती उभ्या, भोवती सरकारी कुंपण. खालून मान वर करून बघितलं आणि परत आले. बायको गेल्यावर त्यांनी इथे परसात पाया खणला. बारा वर्षं एकट्याने बांधत होते. जवळच्या कायामाकडचा काळा दगड, आतून पोलादी अँगल. "डोक्याला सगळं आठवत नाही," ते म्हणाले, "पण हाताने बांधायला लागलं की हाताला आठवतं. जसंच्या तसं बांधलं तर ती कुठून गेली ते दिसेल."

कौन्सिलने पाडला असता तर ते शोधणंच संपलं असतं. माझा राग कधी गेला ते मला कळलंच नाही. मी टेप उघडली.

पुढचे तीन शनिवार मी दुपारी तिथे होतो. बायको सुरुवातीला कुरकुरली, मग मी तिला सगळं सांगितलं, तेव्हापासून ती डब्यात पोहे द्यायला लागली. काम तसं सोपं होतं. म्हाताऱ्याने बांधलं होतं पक्कं. पण आत असलो की मला बरं वाटत नसे, खोटं कशाला बोलू? बाहेर जानेवारीची काहिली, घामाने शर्ट चिकटलेला, आणि आत पाय टाकला की थंडगार. छत इतकं खाली की मी कमरेत वाकूनच वावरायचो. जंगीतून पडणारी उन्हाची पट्टी भिंतीवरून सरकत जायची आणि उत्तरेच्या भिंतीजवळ आली की मला उगाचच मान वळवून मागे बघावंसं वाटायचं. कुणी श्वास रोखून बसलंय, आपण जायची वाट बघतंय, असं. मी वाऱ्याचं शास्त्र स्वतःलाही समजावून बघितलं.

उत्तरेची ती भिंत वाजवली तर पोकळ वाजायची. मी वैतागलो. "अहो, वजन पेलणाऱ्या भिंतीत पोकळी कशाला ठेवलीत? हे मी रिपोर्टात काय लिहू?"

"तिथली अशीच वाजायची," आजोबा म्हणाले. "लहानपणी मी मूठ आपटून बघायचो. बाकी सगळीकडे ठक्क, इथे वेगळाच आवाज. ही भिंत मी तीन वेळा पाडून बांधली. आवाज जुळेना. शेवटी आत चौकोनी नळीसारखी जागा सोडली, तेव्हा जुळला."

"पण का होती तिथे पोकळी?"

"माहीत नाही. होती."

त्या भिंतीत, त्या पोकळीच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर एक कोनाडा होता. आपल्याकडे जुन्या घरांत दिव्यासाठी देवळी असते ना, त्याहून मोठा, खाली बसका. आत मेरीमातेची वीतभर मूर्ती आणि बॅटरीवरची मेणबत्ती. पहिल्या दिवशी मीच आजोबांना म्हणालो होतो, "आमच्याकडेही असतं असं भिंतीतलं देवघर." त्यांनी मान हलवली होती. त्यांचीही तीच समजूत. बहीण गेल्यावर त्यांच्या आईने त्या कोनाड्यात मूर्ती ठेवली. रोज शिडी चढून दिवा लावायची, वाटीभर दूध ठेवायची. म्हातारी होऊन गुडघे गेले तरी चढायची. कोनाड्याच्या तळाची फरशी डुगडुगायची, दिवा कलंडायचा, म्हणून पुढे बाबांनी ती चुन्यात पक्की बसवली.

"त्याआधी काय होतं इथे?" मी विचारलं.

"काही नाही. आम्ही पोरं लपायचो."

हे सगळं तिसऱ्या शनिवारी. मी कोनाड्याची खोली मोजायला मूर्ती बाजूला ठेवली आणि तळाच्या फरशीवर तळहात टेकला. आजोबांनी फरशी चुन्यात बसवली नव्हती. लहानपणी होती तशी सुटी ठेवली होती. माझं वजन पडलं आणि फरशीची मागची बाजू खाली गेली. माझा हात मनगटापर्यंत काळोखात. थंड हवेचा झोत तोंडावर आला. हात काढला तशी फरशी आपोआप वर येऊन टक्कन जागेवर बसली. जणू काही झालंच नाही.

मी एक क्षण बघत राहिलो आणि मग, देवाशपथ सांगतो, मोठ्याने हसलो.

पुण्यात कॉलेजला असताना दर रविवारी आम्ही पोरं कुठल्या ना कुठल्या गडावर असायचो. तटात असा कोनाडा दिसला की आमच्यातलं कुणीतरी त्यात गंभीर चेहऱ्याने बसून फोटो काढून घ्यायचं. आमचा तो ठरलेला विनोद होता. तीन आठवडे मी ह्या कोनाड्यासमोर वाकून उभा होतो आणि मला देवघर दिसत होतं! म्हटलं, "अहो, देवघर कसलं! शौचकूप आहे हे! टॉयलेट!"

ते तिथेच, तळमजल्यात उतरायच्या झडपेजवळ बसले होते. त्यांनी वर बघितलं.

मला तर हुरूपच आला. कोडं सुटल्याचा आनंद, दुसरं काय! मी हातवारे करून सांगायला लागलो. "आमच्या प्रत्येक गडावर असतं. इथे बसायचं. खाली भिंतीच्या आतून सरळ नळी, आणि बाहेरच्या बाजूला तळाशी तोंड. सगळं खाली पडून बाहेर. म्हणून तर भिंत पोकळ वाजते! सरदार गेल्यावर कुणीतरी भोकावर फरशी टाकली असणार. बाहेरून त्या भिंतीच्या तळाशी काय होतं?"

"डुकरांचं खोपट," आजोबा म्हणाले. "भिंतीला लागून बांधलेलं."

"मग झालं! खालचं तोंड खोपटाने बुजलं. वरून फरशी, खालून भिंत. कुणाला कळणार?"

"केवढी असते ती नळी?"

मी टेप आत सोडली. "इथे आठ इंच. तुमचं माप निम्मं, म्हणजे तिथे सोळा. सोळा इंच म्हणजे आरामात एखादं..."

जीभ चावली, पण उशीर झाला होता. टेपचं टोक अजून त्या काळोखात लोंबत होतं आणि मला ते ओढून घ्यायचं धैर्य होईना.

आजोबा रांगत आले. त्यांनी फरशीवर हात ठेवला, हळूच दाबला, फरशी खाली गेली. सोडला, टक्कन वर आली. पुन्हा दाबला. असं चार-पाच वेळा. मला वाटतं हातांनी सगळं आधीच बांधून ठेवलं होतं, फक्त डोक्याने तिकडे बघितलं नव्हतं. मग ते शांतपणे म्हणाले, "तू घरी जा आता."

मी घरी आलो आणि बायकोला सांगताना रडलो. कुणाच्या घरी जाऊन मी काय बोलून आलो होतो! हसत हसत, हातवारे करून! बायको पाठीवर हात फिरवत राहिली. काही वेळाने म्हणाली, "तू सांगितलं नसतंस तर कोण सांगणार होतं?" ते खरं असेल, पण मला त्याने काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आजोबा दिसले नाहीत. बुरुजाची शिडी वर ओढून घेतलेली. मी कुंपणापाशी जाऊन दोनदा हाक मारली, आतून काही नाही. पोलिसांना फोन करावा का, असं आमचं चाललं होतं, तेवढ्यात दाराची बेल वाजली. आजोबा. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला, चर्चला निघाल्यासारखे. आत या म्हटलं तर आले नाहीत. तिथेच पायपुसण्यावर उभे राहिले.

"तू इंजिनिअर आहेस," ते म्हणाले. "मला खरं सांग. लगेच गेली असेल का ती?"

मला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. रात्रभर मनात आकडेमोड झाली होती. दोन पुरुष उंची. सोळा इंच नळी. पाच वर्षांच्या मुलीचे खांदे. एवढ्या अरुंद जागेत माणूस पडत नाही, घसरत जातो, अडतो. खाली शेकडो वर्षांची भुसभुशीत माती. पडल्याने काही झालं नसेल, हे मला पक्कं माहीत होतं. आयुष्यात मी खोटं सर्टिफिकेट दिलेलं नाही. कुणाच्या वडिलांच्या ओळखीवर दिलं नाही, बॉसने डोळे वटारले तरी दिलं नाही.

"लगेच," मी म्हणालो. "पडली त्या क्षणी. तिला काही कळलंही नसेल."

आजोबांनी मान डोलावली. बराच वेळ माझ्या खांद्यावरून आमच्या हॉलमध्ये बघत राहिले. तिथे पोरगी जमिनीवर चित्र रंगवत होती.

"मग तीन दिवस आम्ही कुणाला ऐकत होतो?" ते म्हणाले.



मग त्यांनी सांगितलं. दारातच उभं राहून, सपाट आवाजात, पाढे म्हणावेत तसं. बहीण नाहीशी झाली त्या संध्याकाळपासून बुरुजात आवाज येत होता. वर चढलं की खालून यायचा, तळमजल्यात उतरलं की वरून. खोपटातली डुकरं भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. आई म्हणत होती, माझी पोर आहे ती, माझी पोर आहे. पण सगळ्या गावाला माहीत होतं की जुन्या बुरुजांत मूर लोकांच्या, म्हणजे जुन्या अरबी राजवटीच्या, काळातली एक शापित बाई असते. ती पोरांना नेते आणि मग त्यांच्याच आवाजात हाका मारते. पाद्री आले, त्यांनी भिंतींवर पवित्र पाणी शिंपडलं. सांगून गेले की कुणी ओ द्यायची नाही. जो ओ देईल त्याला ती नेणार. बायकांनी आईला धरून घरी नेलं आणि कोंडून ठेवलं.

"आणि ती हाक मारायची कुणाला, माहिती आहे?" आजोबा म्हणाले. "आईला नाही. मला. माझं नाव घेऊन. शिडी मी काढली होती ना. तिला वाटलं असेल मीच येऊन लावीन. मी खाली दगडावर बसलो होतो, दोन्ही कानांवर हात दाबून. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. सगळे म्हणाले, प्रार्थना पावली."

मी त्यांचे हात धरले. खोटं बोललो म्हणून माफी मागावी, तर तीही मागता येईना. त्यांनीच माझ्या हातावर थोपटलं. "तू चांगलं बोललास," म्हणाले. "थँक यू, मेट."

तिकडच्या नगरपालिकेला पत्र लिहायचं ठरलं. मी नकाशा काढून देणार होतो, भिंत कुठे उघडायची ते दाखवून. पण आजोबांना त्याआधी इथलं काम करायचं होतं. शनिवारी सकाळी मी घरून ड्रिल आणि घण घेऊन गेलो. बायको म्हणाली, "मी पोरीला बीचवर नेते, तुम्ही सावकाश करा."

आजोबांनी डुकरांचं खोपटसुद्धा बांधलेलं होतं, उत्तरेच्या भिंतीला टेकून. त्यात ते गवत कापायचं मशीन ठेवायचे. मशीन बाहेर काढलं, छपराचा पत्रा काढला. तळाचा दगड कुठला ते मी खडूने दाखवलं. म्हटलं, हा काढला की भिंतीचा भरवसा नाही, रिपोर्ट मिळणार नाही. ते म्हणाले, रिपोर्ट नको आता. पाडू देत.

दीड तास लागला. चुन्याच्या सांध्यात मी ड्रिल चालवत होतो, ते पहारीने दगड हलवत होते. ऐंशी वर्षांच्या हाडांत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. मी दोनदा म्हटलं बसा जरा, ऐकलं नाही. शेवटी दगड सुटला आणि माझ्या बुटांजवळ येऊन पडला. भोकातून गार, कोंदट हवा बाहेर आली. आत काही नव्हतं. असणार तरी काय? थोडी माती, एक वाळकं पान. मला माहीत होतं, तरी मी मोबाइलचा टॉर्च मारायचं टाळलं.

आजोबा गुडघ्यांवर आले, मग पोटावर आडवे झाले. आजही इस्त्रीचाच शर्ट घातला होता, तो मातीत. डावा हात खांद्यापर्यंत आत घातला आणि तिथेच ठेवला. मग तोंड भोकाशी नेलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले, अगदी थोडं, दोन-तीन शब्द. पुन्हा म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. ऐंशी वर्षांच्या माणसाचा तो आवाज नव्हताच. किती वेळ असं चाललं मला सांगता यायचं नाही. उन्हं लिंबाच्या झाडावर आली होती. मी घण हातात धरून नुसता उभा होतो.

उठायला मी हात दिला. त्यांच्या गालाला आणि मिशीला माती लागली होती. मी पुसायला रुमाल पुढे केला आणि न राहवून विचारलं, "काय म्हणत होतात?"

"हाक मारत होती ना," आजोबा म्हणाले. "ओ दिली."